आप्पांच्या वहीतले एक खाते

सांगलीतल्या एका जुन्या पेठेत आप्पांचे कापडाचे दुकान होते. दुकानाच्या लाल वह्यांमध्ये पेढ्यांची, गिऱ्हाइकांची, नोकरांची आणि हमालांची खाती असत. या सर्वांच्या मागे, वहीच्या शेवटच्या काही पानांवर, एक चमत्कारिक खाते होते. त्याच्या माथ्यावर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले असे : 'श्री जनरेटर खाते.' घरातली मुले या मथळ्याला हसत. आप्पा मात्र शांतपणे म्हणत, "जो दुकानासाठी राबतो, त्याचे खाते वहीत असलेच पाहिजे."

२००५ नंतरची ती वर्षे भारनियमनाची होती. सायंकाळी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचे आणि त्याच वेळी पेठ अंधारात बुडायची. मेणबत्तीच्या उजेडात साडीचा रंग दाखवणे म्हणजे अर्धे खोटे बोलणे, असे आप्पांचे मत होते. म्हणून २००६ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारा एक लहान जनरेटर घेतला. ८०० वॉटचा, एका माणसाला हँडल धरून उचलता येईल एवढा. एक सिलिंडर, दोरी ओढून सुरू करायची सोय, आणि पोटात जेमतेम अर्धा लिटर तेल.

यंत्र विकणाऱ्याने ते सुरू कसे करायचे ते दाखवले. सांभाळायचे कसे ते आप्पा स्वतः शिकले. पहिले वीस तास चालल्यावर इंजिनचे तेल बदलायचे, कारण नव्या भागांच्या घर्षणाने सुटलेला धातूचा बारीक चुरा त्या तेलात उतरलेला असतो. त्यानंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. त्यांतला एक बदल त्यांनी दिवाळीला जोडून घेतला होता. वहीपूजनाच्या आदल्या दिवशी वजनकाटे पुसले जात, गज तपासला जाई आणि जनरेटरचे तेल बदलले जाई. काढलेले काळे तेल गटारात ओतायचे नाही, डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यायचे, हा त्यांचा दंडक होता. "गटारातल्या जीवांनी आपले काय केले आहे?" एवढाच त्यांचा प्रश्न असे.

पाणी गाळून पिणाऱ्या घरात पेट्रोलही गाळूनच भरले जाई. गॅरेजमध्ये पूर्वी मऊ चामड्यातून पेट्रोल गाळत. आप्पांना चामडे चालत नसे; त्यांनी दुकानातल्या तलम सुती कापडाचा दुहेरी तुकडा नरसाळ्यात बसवला होता. यंत्र चालू असताना किंवा तापलेले असताना टाकी उघडायची नाही. बंद करून, हाताला सोसेल इतके निवू द्यायचे आणि मग भरायचे. टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण उन्हाळ्यात पेट्रोल फुगते. सुरू करण्यापूर्वी एका मऊ कुंच्याने यंत्राची अंगे झाडायची आणि धुराच्या नळीत डोकावायचे. पावसाळ्याच्या तोंडी मुंग्या अंडी घेऊन यंत्राच्या खोबणीत आसरा घेतात. कुंभारमाशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. आप्पा पत्र्यावर बोटाने टकटक करीत, थोडा वेळ थांबत आणि मगच दोरीला हात घालीत. गिऱ्हाईक ताटकळले तरी ही पाच मिनिटे कधी चुकली नाहीत. वीज परत आली की मात्र क्षणाचाही विलंब नसे. आधी दिवे-पंखे काढायचे, दोन-तीन मिनिटे यंत्र मोकळे चालू द्यायचे, मग ते बंद करून पेट्रोलचा कॉक फिरवायचा. गरज संपल्यावर चाललेले यंत्र म्हणजे अनर्थदंड, ही त्यांची साधी समजूत होती.

हे सारे खात्यात उतरत असे. तारीख, किती तास चालले, किती पेट्रोल लागले, तेल कधी बदलले, एअर फिल्टरचा स्पंज कधी धुतला. कधी काही बिघडले तर बिघाड काय होता, कशामुळे झाला आणि कशाने बरा झाला, तेही. काही नोंदी लाल शाईत होत्या. दुकानाच्या वहीत लाल शाई फक्त बुडीत येण्यासाठी वापरली जाई. जनरेटरच्या खात्यात ती कशासाठी वापरली आहे, हे कोणी कधी विचारले नाही.

हळूहळू भारनियमन सरले. घरात इन्व्हर्टर आला. २०१५ साली आप्पा गेले. जनरेटर दुकानाच्या माळ्यावर गेला, तोही टाकीत अर्धे पेट्रोल असताना. दुकान सांभाळणाऱ्या धाकट्या मुलाने जुन्या वह्या एका पेटीत नीट बांधून ठेवल्या. त्याने त्या फेकल्या नाहीत, हे त्याचे श्रेय; उघडल्या नाहीत, ही त्याची चूक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीला वेढले. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पेठेत पाणी शिरले तेव्हा घरच्यांनी आणि हमालांनी मिळून कापडाचे तागे वरच्या मजल्यावर नेले. माळ्यावरची अडगळ वर चढवताना तो जनरेटरही कोणीतरी गच्चीच्या पत्र्याखाली नेऊन ठेवला. दुचाकी चौघांनी उचलून जिन्याच्या वळणावर चढवली. दुपारी चारच्या सुमारास वीज गेली. पाणी वाढत असताना ती तोडणेच सुरक्षित होते, आणि ती लवकर येणार नाही हेही स्पष्ट होते.

घरात अक्का होत्या. आप्पांच्या पश्चात चार वर्षे त्यांनी काढली होती. पण फुप्फुसे थकली होती आणि वर्षभरापासून हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरवर त्यांचा श्वास चालत होता. ते यंत्र साधारण ३५० वॉट वीज घेते. इन्व्हर्टरची बॅटरी रात्री आठपर्यंत पुरली. मग अर्धा भरलेला लहान सिलिंडर लावला. मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबाने तो पाच-सहा तास पुरणार होता. म्हणजे रात्री एक, फार तर दोन. अंधारात बोट येणार नव्हती. पुण्याच्या थोरल्या मुलाचा फोन एकदा लागला आणि तुटला. त्या रात्री सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आठवण कोणी केली नाही. कारण जेवण्याचे भानच कोणाला नव्हते.

धाकटा गच्चीवर गेला आणि त्याने दोरी ओढली. एकदा, दहादा, वीसदा. खांदा भरून आला, पेट्रोलचा वास सुटला, इंजिन हूं की चूं करीना. खाली आल्यावर तो कोणाशी बोलला नाही. अक्कांनी त्याच्या हातांचा वास ओळखला असावा. नळी नाकाला लावलेल्या अवस्थेत, थांबत थांबत त्या म्हणाल्या, "ह्यांनी लिहून ठेवलंय सगळं. शेवटच्या पानावर बघ."

पेटी उघडली गेली. बारा वर्षांची नात टॉर्च आणि वही घेऊन गच्चीच्या दारात बसली आणि आजोबांचे अक्षर लावून वाचू लागली. 'यंत्र सुरू होत नसेल तर दोरी ओढत बसू नये. आधी तेल, मग ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. एकेक पाहावे. दोन गोष्टींना एकदम हात लावू नये, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही.'

तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. या यंत्रात तेल कमी झाले की ठिणगीच बंद करणारी सोय असते. इंजिन जळू नये म्हणून यंत्र स्वतःच असहकार करते. घरात दुचाकीच्या तेलाचा डबा होता. यंत्र सपाट जागी ठेवून ते खुणेपर्यंत भरले. मग स्पार्क प्लग काढला. तो ओला आणि काजळीने काळा होता. वहीत प्लगच्या रंगांचेही कोष्टक होते : विटकरी असेल तर प्रकृती उत्तम, कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडते, फिल्टर पाहावा, पेट्रोलने ओला असेल तर चोक जास्त झाला, पुसून वाळवावा, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कारागिराकडे न्यावे. प्लग पुसला, बारीक पॉलिश कागदाने घासला. टोकांमधले अंतर ०.७ मिलिमीटर हवे. त्यापुढे कंसात आप्पांनी लिहिले होते, 'दुकानाची दोन व्हिजिटिंग कार्डे'. दोन कार्डे एकत्र धरून अंतर लावले. सांडलेले पेट्रोल पुसून, वास जाईपर्यंत थांबून, प्लगची टोपी लावली आणि त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी उडाली. नातीने टाळी वाजवली.

तरीही यंत्र सुरू होईना.

आता पेट्रोलची पाळी आली. कार्बुरेटरच्या तळाच्या वाटीचा स्क्रू सैल केला तेव्हा तपकिरी, जुन्या वार्निशसारखा वास येणारा द्रव बाहेर आला. ठेवलेले पेट्रोल काही महिन्यांत नासते. त्याचा चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. शिवाय त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. चार वर्षांच्या त्या चिकट राळेने जेटचे केसाएवढे भोक बुजवले होते. वहीत इशारा होता : 'जेटमध्ये सुई घालू नये, भोक मोठे होते.' वायरीतली तांब्याची एक मऊ तार काढून तिने भोक मोकळे केले, फुंकर मारली, टॉर्चसमोर धरले. पलीकडचा प्रकाश टाचणीच्या टोकाएवढा दिसला. टाकी रिकामी केली. जिन्यावरच्या दुचाकीची नळी सोडवून ताजे पेट्रोल बाटलीत घेतले. तोंडाने ओढायचे नाही, हेही वहीतच होते. आणि ते गाळले, सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यातून. तो तुकडा आप्पांनी नरसाळ्यासकट पेटीतच ठेवला होता. फिल्टरचा स्पंज धुळीने थिजला होता. साबणाच्या पाण्यात धुऊन, पंचात दाबून कोरडा केला आणि तेलाचा थेंब देऊन बसवला.

पावणेबाराला, तिसऱ्या ओढीला, इंजिन धडधडले. लावलेला दिवा मात्र लागला नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले. नात वाचत होती : 'यंत्र चालते, दिवा लागत नाही, तर घाबरू नये. आधी बटण बघावे.' बटण पडलेले होते. ते वर केले आणि गच्ची उजळली.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून शेजाऱ्यांनी हाक दिली. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावून ती सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली की सारे घर उजळेल, शेजारच्या घरालाही दोन दिवे मिळतील, असे त्यांनी सुचवले. सूचना प्रेमाची होती आणि सोपीही होती. नातीने पान उलटले. तिथे लाल शाई सुरू होत होती.

'घराच्या सॉकेटात जनरेटरची वीज सोडू नये. ती मीटरातून उलटी रस्त्याच्या तारेवर जाते. ट्रान्स्फॉर्मर तिला पुन्हा हजारो व्होल्टची करतो. तार मेलेली आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन हाही कोणाचा तरी मुलगा आहे.'

घराचा मेन स्विच पाडलेला होता, तो तसाच राहिला. गच्चीवरून एक जाड वायर, गुंडाळी पूर्ण उलगडून, खाली सोडली. इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढून तिला जोडला. फ्रिजचा स्टॅबिलायझर मध्ये घातला, कारण लहान जनरेटरचा दाब भार बदलला की हेलकावतो. इंजिन पाच मिनिटे मोकळे चालू दिल्यावर मगच कॉन्सन्ट्रेटर सुरू केला. त्याचा कॉम्प्रेसर पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतो. सिलिंडरचा काटा तेव्हा तळाला टेकत आला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्याखाली पाण्याचे शिंतोडे येत होते. यंत्र जिन्याच्या खोलीत घेऊन दार लोटून घ्यावे, असा विचार धाकट्याच्या मनात आला. आवाजही कमी झाला असता. तो हँडलला हात घालणार, तोच दारातून नातीचा आवाज आला. ती शेवटची लाल नोंद वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला होता.

ती नोंद २००७ च्या आषाढातली होती. संध्याकाळी पाऊस आत येतो म्हणून आप्पांनी मागच्या गोदामाचे शटर अर्ध्याच्या खाली ओढले होते. जनरेटर आतच चालू होता. शेजारी गाठोडी बांधत बसलेला हमाल डोके दुखते म्हणाला, मळमळते म्हणाला. दिवसभराच्या कामाचा शीण असेल, असे सर्वांना वाटले. अर्ध्या तासाने चहा द्यायला गेलेल्या नोकराला तो गाठोड्यावर कलंडलेला आढळला. त्याला उचलून उघड्यावर आणले, दवाखान्यात नेले, प्राणवायू लावला. दोन दिवसांनी तो घरी गेला. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते; माणूस श्वास घेत राहतो आणि तरी गुदमरतो.

आप्पांनी दवाखान्याचा खर्च आणि हमालाची बुडालेली हजेरी दुकानखर्चात टाकली नव्हती. ती रक्कम स्वतःच्या नावे लिहिली होती. पुढे एकच ओळ होती : 'यंत्राचा दोष नाही. दोष माझा. शटर मी ओढले.'

धाकट्याने हँडल सोडले. यंत्र गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, कठड्याशी, उंच फळीवर नेले. नळीचे तोंड घराकडे पाठ करून ठेवले. वरून पत्र्याचा एक तुकडा बांबूंवर तिरका बांधला, चारही बाजू मोकळ्या ठेवून. जिन्याचे दार बंद केले. आत अक्कांच्या खोलीतला कॉन्सन्ट्रेटर जी हवा ओढत होता, ती स्वच्छ राहणे हेच तर सारे काही होते. प्राण वाचवण्यासाठी लावलेले यंत्र प्राण घेऊ शकते, आणि दोहोंमधले अंतर एका दाराएवढे असते.

मग हिशेब बसवला. तीन तास यंत्र, त्यात कॉन्सन्ट्रेटर चालायचा आणि बॅटरीही भरायची. मग यंत्र बंद करून तास-दीड तास बॅटरीवर. तेवढ्यात इंजिन निवायचे, तेल पाहायचे, पेट्रोल गाळून भरायचे. दुचाकीतले पेट्रोल संपत आले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या स्कूटरमधले दोरीने बांधून पाठवले. त्यांच्या घरात दिवे लागले नाहीत, पण त्यांचे मोबाइल या गच्चीवर भरले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट आली आणि अक्कांना मिरजेला हलवता आले.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे. प्रवचनात हे शेकडो वेळा ऐकलेले असते. प्रमाद म्हणजे काय, हे मात्र बहुधा एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशीच कळते : ओढलेल्या शटरपाशी, न गाळलेल्या पेट्रोलपाशी, चार वर्षे न उघडलेल्या कॉकपाशी. मुनी पिंछीने जागा झाडून मगच बसतात. श्रावकाला तेवढे साधत नाही. पण यंत्र उचलताना, ठेवताना, सुरू करताना आणि विसरताना त्यालाही यत्नाचार पाळता येतो. विसरतानाही म्हणायचे ते अशासाठी की यंत्र बाजूला ठेवण्याचीही एक रीत असते. महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी. कॉक बंद करून इंजिन चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटरमधला शेवटचा थेंब जळून ते आपोआप बंद पडते. हे काम दहा मिनिटांचे आहे. ते न केल्याची किंमत त्या रात्री एका सिलिंडरच्या काट्यावर दिसत होती.

पूर ओसरला. दुकानातला गाळ काढायला आठवडे लागले. दशलक्षण पर्वात, उत्तम क्षमेच्या दिवशी मंदिरातून आल्यावर, धाकट्याने ती वही पुन्हा काढली. आप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून त्याने तारीख घातली आणि लिहिले : 'चालले २२ तास. पेट्रोल ११ लिटर, पैकी शेजाऱ्यांचे ३ लिटर परत दिले. तेल बदलले. प्लग नवा. स्पंज नवा.' मग लेखणी थोडी थांबली. त्याने लाल शाईचे पेन घेतले आणि खाली आणखी एक नोंद केली : 'चार वर्षे दुर्लक्ष. माझ्या नावे.'

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तो जनरेटर पंधरा मिनिटे चालवला जातो, रिकामा नव्हे, एक दिवा आणि एक पंखा लावून. कुंच्याने झाडायचे, पत्र्यावर टकटक करायचे आणि मुंग्यांसाठी थांबायचे काम नातीकडे आहे. वहीतली नोंदही तीच करते. इंजिनचा आवाज सुरू झाला की आतल्या खोलीतून अक्कांचा प्रश्न ठरलेला असतो.

"दार लावलंय ना गं?"

"लावलंय, आजी."

"आणि यंत्र बाहेर आहे ना?"

"बाहेरच आहे."

मग अक्का डोळे मिटतात, आणि नात तारीख घालून पुढची ओळ लिहायला घेते.